सोयाबीनमधील रासायनिक तण नियंत्रण

सोयाबीनमधील रासायनिक तण नियंत्रण म्हणजे सोयाबीन (शास्त्रीय नाव: ग्लायसिन मॅक्स) या पिकातील तणे निवडक तणनाशकांच्या साहाय्याने मारणे किंवा त्यांची उगवण रोखणे होय. भारतात सोयाबीन हे मुख्यतः खरीप हंगामातील पीक असून मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र ही त्याची दोन प्रमुख उत्पादक राज्ये आहेत. महाराष्ट्रात विदर्भ व मराठवाडा या विभागांत त्याखालील क्षेत्र मोठे आहे. पिकाची पहिली दीड महिन्याची वाढ ऐन पावसाळ्यात होते. याच काळात तणेही जोमाने वाढतात आणि सततच्या पावसामुळे निंदणी व कोळपणी वेळेवर होत नाही. मजुरांची टंचाई व वाढती मजुरी यांमुळेही तणनाशकांचा वापर वाढला आहे.

तणनाशकाचा परिणाम फवारणीची वेळ आणि दर क्षेत्रास दिलेली मात्रा या दोन बाबींवर अवलंबून असतो. वेळ ठरवताना जमिनीतील ओल, पिकाचे वय आणि तणांची अवस्था पाहिली जाते. मात्रा मात्र क्षेत्रफळावर ठरते, फवारणी पंपांच्या संख्येवर नव्हे. या दोहोंपैकी एक जरी चुकले, तरी योग्य तणनाशक निवडूनही तणे शिल्लक राहतात किंवा पिकाला इजा होते.

तणांची स्पर्धा

तणे पिकाशी पाणी, अन्नद्रव्ये, सूर्यप्रकाश व जागा यांसाठी स्पर्धा करतात. पेरणीनंतर साधारण १५ ते ४५ दिवस हा सोयाबीनमधील पीक-तण स्पर्धेचा संवेदनशील काळ मानला जातो. या काळात शेत तणमुक्त राहिल्यास ४५ सें.मी. अंतरावरील ओळी पानांनी एकमेकींना भिडतात. जमिनीवर सावली पडते आणि नंतर उगवणारी तणे फारशी वाढू शकत नाहीत. तणांकडे दुर्लक्ष झाल्यास तणांचा प्रकार व दाटी यांनुसार उत्पादनात ३० ते ८० टक्क्यांपर्यंत घट येऊ शकते. संवेदनशील काळ उलटल्यावर तणे मारली, तर शेत स्वच्छ दिसते, परंतु तोवर झालेले नुकसान भरून निघत नाही.

प्रमुख तणे

तणनाशकाची निवड तणांच्या गटावरून केली जाते. सोयाबीनमधील तणांचे स्थूलमानाने तीन गट पडतात.

• गवतवर्गीय तणे: सावा, हराळी इत्यादी.
• रुंद पानांची तणे: कुंजरू, माठ, दुधी, टाकळा (तरोटा), कुर्डू, माका, घोळ, हजारदाणी, गाजरगवत इत्यादी.
• लव्हाळावर्गीय तणे: लव्हाळा व त्याच्या जवळच्या जाती.

लव्हाळा गवतासारखा दिसतो, परंतु तो गवत कुळातील नाही. केना ही एकदल वनस्पती असली तरी तीही गवत नव्हे. त्यामुळे केवळ गवतांवर चालणाऱ्या तणनाशकांचा या दोन्ही तणांवर परिणाम होत नाही. हे लक्षात न घेतल्याने अनेकदा ‘औषध चालले नाही’ असा समज होतो.

लव्हाळा जमिनीतील गाठींपासून आणि हराळी जमिनीखालील व जमिनीवर पसरणाऱ्या खोडांपासून पुन्हा फुटते. केन्याच्या खोडाचा तुटलेला तुकडा ओल्या जमिनीवर पडला तरी त्याला मुळे फुटतात. शिवाय ही वनस्पती जमिनीखालीही फुले धरते व बी तयार करते. अशा बहुवार्षिक किंवा चिवट तणांचा एका फवारणीत पूर्ण नायनाट होत नाही.

तणनाशकांचे गट व कार्यपद्धती

सोयाबीनमध्ये वापरली जाणारी तणनाशके निवडक स्वरूपाची असतात, म्हणजे शिफारस केलेल्या मात्रेत ती तणांना मारतात, पण पीक त्यांना सहन करते. ही सहनशीलता निरपेक्ष नसते. मात्रा वाढली किंवा पीक ताणाखाली असले, तर ती कमी पडते.

• पेंडीमेथॅलिन पेशीविभाजनात अडथळा आणते. अंकुरणाऱ्या बियांची मुळे व कोंब यांची वाढ त्यामुळे थांबते. उगवून वर आलेल्या तणांवर त्याचा उपयोग नसतो.
• इमॅझेथापायर, इमॅझामॉक्स, क्लोरीम्युरॉन इथाइल व डायक्लोसुलाम ही तणनाशके काही अमिनो आम्लांच्या निर्मितीसाठी आवश्यक असलेले विकर निष्क्रिय करतात. तणांची वाढ लवकर थांबते, पण ती पूर्णपणे मरायला दोन ते तीन आठवडे लागू शकतात. सोयाबीनची झाडे इमॅझेथापायरचे आपल्या शरीरात वेगाने विघटन करतात, म्हणून ती टिकून राहतात.
• क्विझालोफॉप इथाइल, प्रोपॅक्विझाफॉप, फ्लुआझिफॉप-पी-ब्युटाइल व क्लोडिनाफॉप प्रोपार्जिल ही गवतांमधील मेदाम्लांची निर्मिती रोखतात. गवताचा वाढीचा कोंब कुजतो व ओढल्यास सहज निघून येतो. रुंद पानांच्या वनस्पतींमधील संबंधित विकरावर त्यांचा परिणाम होत नाही.
• फोमेसाफेन, सोडियम ॲसिफ्लुओरफेन व सल्फेनट्राझोन यांच्यामुळे सूर्यप्रकाशात पेशींची आवरणे फुटतात. यांपैकी पहिली दोन उभ्या पिकात फवारली जातात. त्यांच्या स्पर्शाने तणांची पाने एक-दोन दिवसांतच करपतात. सोयाबीनच्या पानांवरही तांबूस ठिपके दिसू शकतात, परंतु नवीन पाने सहसा निरोगी येतात.

फवारणीची वेळ

पेरणीपूर्व

या पद्धतीत तणनाशक पेरणीपूर्वी फवारून वखराने जमिनीच्या वरच्या थरात मिसळले जाते. बाष्पीभवनाने किंवा सूर्यप्रकाशाने वाया जाणाऱ्या रसायनांसाठी ही पद्धत उपयुक्त आहे. परंतु पावसाळ्याच्या तोंडावर पेरणीसाठी मिळणारा वेळ थोडा असल्याने तिचा प्रसार मर्यादित आहे.

उगवणपूर्व

पेरणीनंतर, पण पीक व तणे उगवण्यापूर्वी केलेल्या फवारणीस उगवणपूर्व फवारणी म्हणतात. ओलसर जमिनीत सोयाबीन चार ते सहा दिवसांत उगवू लागते. त्यामुळे पेरणीनंतर ४८ तासांच्या आत, फार तर तिसऱ्या दिवसापर्यंत, ही फवारणी करण्याची शिफारस केली जाते. पीक उगवताना फवारणी झाल्यास कोवळ्या कोंबांना इजा होण्याची शक्यता असते.

या पद्धतीचे यश जमिनीतील ओलाव्यावर अवलंबून असते. तणनाशक मातीच्या वरच्या थरात विरघळून पसरले, तरच ते अंकुरणाऱ्या बियांपर्यंत पोहोचते. कोरड्या किंवा ढेकळे असलेल्या जमिनीवर फवारणी केल्यास थर एकसारखा बसत नाही व ढेकळांच्या आडून तणे उगवतात. महाराष्ट्रात साधारण ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्यावर, वाफसा आल्यानंतर पेरणी करण्याचा सल्ला दिला जातो. अशा पेरणीत उगवणपूर्व फवारणीला आवश्यक ओल सहसा उपलब्ध असते. फवारणीनंतर लगेच मुसळधार पाऊस झाल्यास मात्र रसायन वाहून जाते किंवा खाली झिरपून बियाण्यापर्यंत पोहोचते.

फवारणी करणाऱ्याने मागे मागे सरकत जावे, म्हणजे फवारलेल्या जमिनीवर पाय पडत नाहीत व रसायनाचा थर मोडत नाही. याच कारणासाठी फवारणीनंतर लगेच कोळपणी केली जात नाही.

उगवणीनंतर

पीक व तणे उगवून आल्यावर केलेल्या फवारणीसाठी पेरणीनंतर १५ ते २० दिवसांचा काळ योग्य मानला जातो. क्लोरीम्युरॉन इथाइल काहीसे आधी, १० ते १२ दिवसांच्या सुमारास वापरले जाते. दिवसांची ही मोजणी मार्गदर्शक असते. प्रत्यक्षात तणांची अवस्था अधिक महत्त्वाची ठरते. बहुतेक तणे दोन ते चार पानांवर असताना त्यांची पाने कोवळी व मुळे उथळ असतात आणि शिफारस केलेली मात्रा पुरेशी ठरते. पेरणीआधीच शेतात तणे उगवलेली असतील, तर पिकाच्या पंधराव्या दिवशी ती बरीच मोठी झालेली असतात. म्हणूनच पेरणीपूर्वी वखराची शेवटची पाळी देऊन उगवलेली तणे नष्ट करणे आवश्यक मानले जाते.

पेरणीनंतर महिनाभराने केलेली फवारणी तीन कारणांनी कमी उपयुक्त ठरते. तणे मोठी झालेली असतात, पिकाची पाने तणांवर छत्रीसारखी पसरून फवारा अडवतात आणि पीक फुलोऱ्याच्या जवळ आलेले असते. भारतातील अनेक वाणांमध्ये फुलोरा ३५ ते ४५ दिवसांत सुरू होतो.

पावसाचा खंड पडल्यास तणांच्या पानांवरील मेणासारखा थर जाड होतो व शोषण मंदावते. त्यामुळे जमिनीत ओल असताना व तणे जोमात वाढत असताना फवारणी केली जाते. फवारणीनंतर साधारण दोन-तीन तास पाऊस नसावा. जोराच्या वाऱ्यात फवारा शेजारच्या शेतात वाहून जाऊन कापूस, ज्वारी किंवा भाजीपाला यांना इजा होऊ शकते.

मात्रा

तणनाशकाची मात्रा दोन प्रकारे सांगितली जाते. संशोधन अहवालांत ती क्रियाशील घटकाच्या ग्रॅममध्ये दिलेली असते. शेतकऱ्यांसाठीच्या शिफारशींत बाजारात मिळणाऱ्या उत्पादनाचे प्रमाण दिले जाते. उत्पादनाच्या नावापुढील आकडा त्यातील क्रियाशील घटकाचे शेकडा प्रमाण दर्शवतो.

उत्पादनाचे प्रमाण = (क्रियाशील घटकाची शिफारस × १००) ÷ उत्पादनातील शेकडा प्रमाण

क्लोरीम्युरॉन इथाइलची शिफारस हेक्टरी ९ ग्रॅम क्रियाशील घटकाची आहे. २५ टक्के भुकटी वापरल्यास ९ × १०० ÷ २५ = ३६ ग्रॅम उत्पादन लागते. द्रवरूप उत्पादनांत शेकडा प्रमाण वजनावर दिलेले असेल, तर द्रवाची घनताही विचारात घ्यावी लागते.

भारतात सोयाबीनसाठी प्रचलित असलेल्या काही तणनाशकांच्या मात्रा पुढीलप्रमाणे आहेत. एकरी प्रमाण हेक्टरी प्रमाणास अडीचने भागून काढलेले आहे.

| तणनाशक | वेळ | हेक्टरी उत्पादन | एकरी उत्पादन | मुख्य परिणाम |
|---|---|---|---|---|
| पेंडीमेथॅलिन ३० ई.सी. | उगवणपूर्व | २.५ ते ३.३ लिटर | १ ते १.३ लिटर | वार्षिक गवते, काही रुंद पानांची तणे |
| डायक्लोसुलाम ८४ डब्ल्यू.डी.जी. | उगवणपूर्व | २६ ते ३१ ग्रॅम | १०.४ ते १२.४ ग्रॅम | रुंद पानांची तणे |
| सल्फेनट्राझोन ३९.६ एस.सी. | उगवणपूर्व | ७५० मि.ली. | ३०० मि.ली. | रुंद पानांची तणे, लव्हाळावर्गीय |
| क्लोरीम्युरॉन इथाइल २५ डब्ल्यू.पी. | पेरणीनंतर १० ते १२ दिवस | ३६ ग्रॅम | सुमारे १५ ग्रॅम | रुंद पानांची तणे, लव्हाळावर्गीय |
| इमॅझेथापायर १० एस.एल. | पेरणीनंतर १५ ते २० दिवस | १ लिटर | ४०० मि.ली. | काही गवते व रुंद पानांची तणे |
| क्विझालोफॉप इथाइल ५ ई.सी. | पेरणीनंतर १५ ते २० दिवस | ०.७५ ते १ लिटर | ३०० ते ४०० मि.ली. | केवळ गवते |
| प्रोपॅक्विझाफॉप १० ई.सी. | पेरणीनंतर १५ ते २० दिवस | ५०० ते ७५० मि.ली. | २०० ते ३०० मि.ली. | केवळ गवते |
| इमॅझेथापायर ३५ + इमॅझामॉक्स ३५ डब्ल्यू.जी. | पेरणीनंतर १५ ते २० दिवस | १०० ग्रॅम | ४० ग्रॅम | गवते व रुंद पानांची तणे |
| प्रोपॅक्विझाफॉप २.५ + इमॅझेथापायर ३.७५ एम.ई. | पेरणीनंतर १५ ते २० दिवस | २ लिटर | ८०० मि.ली. | गवते व रुंद पानांची तणे |
| फ्लुआझिफॉप-पी-ब्युटाइल ११.१ + फोमेसाफेन ११.१ एस.एल. | पेरणीनंतर १५ ते २० दिवस | १ लिटर | ४०० मि.ली. | गवते व रुंद पानांची तणे |

क्लोरीम्युरॉन, इमॅझेथापायर यांसारख्या काही तणनाशकांबरोबर द्रावण पानावर पसरण्यासाठी शिफारस केलेले पृष्ठताणरोधक द्रव्य मिसळावे लागते. उगवणपूर्व तणनाशकांत जमिनीचा प्रकारही विचारात घेतला जातो. भारी काळ्या जमिनीतील चिकणमाती व सेंद्रिय पदार्थ रसायन धरून ठेवतात, म्हणून तेथे शिफारशीतील वरची मात्रा लागते. हलक्या जमिनीत खालची मात्रा पुरते.

पंपामागील प्रमाण

व्यवहारात शेतकरी ‘एका पंपाला किती?’ असे विचारतात. परंतु एका एकराला किती पंप लागतात, हे फवारणाऱ्याच्या चालीवर, नोझलवर व दाबावर अवलंबून असते. त्यामुळे पंपामागील प्रमाण सर्वांसाठी सारखे असू शकत नाही. ते काढण्यासाठी आधी पाण्याचा वापर मोजला जातो. एक गुंठा क्षेत्र आखून त्यावर नेहमीच्या चालीने साधे पाणी फवारतात. लागलेल्या पाण्याला ४० ने गुणल्यास एकरी पाणी मिळते.

उदाहरणार्थ, एका गुंठ्याला ५ लिटर पाणी लागले, तर एकरी २०० लिटर पाणी लागेल. १५ लिटरच्या पंपात तीन गुंठे क्षेत्र होते. एकरी ४०० मि.ली. मात्रा असल्यास तीन गुंठ्यांचे, म्हणजेच एका पंपाचे, प्रमाण ३० मि.ली. येते. दुसरा मनुष्य भरभर चालत एका पंपात चार गुंठे फवारत असेल, तर त्याच्या एकराला १० पंप लागतात आणि पंपामागील प्रमाण ४० मि.ली. होते. त्यानेही ३० मि.ली.च वापरल्यास एकरी केवळ ३०० मि.ली., म्हणजे तीन चतुर्थांश मात्रा पडते. उलट सावकाश चालून एकरी १६ पंप फवारणाऱ्याने तेच प्रमाण वापरल्यास ४८० मि.ली. पडते, म्हणजे मात्रा वीस टक्क्यांनी वाढते.

पाठीवरील हातपंपाने हेक्टरी सुमारे ५०० लिटर पाणी वापरण्याची शिफारस आहे. यंत्रचलित पंपाला कमी पाणी लागते, परंतु पाणी कमी केले म्हणून एकरी तणनाशक कमी करायचे नसते. तणनाशकासाठी फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट नोझल वापरतात. कीटकनाशकासाठीच्या गोल फवाऱ्याच्या नोझलने पट्टे एकसारखे भिजत नाहीत.

मात्रा व मिश्रण चुकल्यास

मात्रा कमी पडल्यास तणे काही दिवस पिवळी पडून पुन्हा फुटतात. अशी अर्धवट वाचलेली तणे नंतर अधिक चिवट होतात आणि दुसऱ्या फवारणीचा खर्च वाढतो. मात्रा जास्त झाल्यास पीक पिवळे पडणे, शेंडा खुरटणे किंवा पाने करपणे अशी लक्षणे दिसतात. फवारणी करताना दोन पट्टे एकमेकांवर आल्यास त्या जागी दुप्पट मात्रा पडते, म्हणून पट्टे खुणा करून फवारले जातात.

तणनाशके मनाने एकत्र करण्यानेही परिणाम बिघडतो. गवतांवरील काही तणनाशके रुंद पानांवरील स्पर्शजन्य तणनाशकांत मिसळल्यास गवतांवरील त्यांचा परिणाम घटतो. त्यामुळे दोन्ही प्रकारच्या तणांसाठी नोंदणीकृत तयार मिश्रणे वापरली जातात.

आंतरपीक व पुढील पीक

विदर्भ व मराठवाड्यात सोयाबीनबरोबर तुरीचे आंतरपीक सर्रास घेतले जाते. सोयाबीनला सुरक्षित असलेले प्रत्येक तणनाशक तुरीला सुरक्षित असेलच असे नाही, म्हणून दोन्ही पिकांना चालणारे तणनाशकच निवडावे लागते. ज्वारी किंवा मका आंतरपीक असल्यास गवतांवरील तणनाशके त्या पिकांनाच मारतात, कारण ती पिके स्वतः गवत कुळातील आहेत.

काही तणनाशकांचे अवशेष जमिनीत दीर्घकाळ राहतात. क्लोरीम्युरॉनचे विघटन विम्लधर्मी जमिनीत मंदावते आणि राज्यातील अनेक काळ्या जमिनी विम्लधर्मी आहेत. इमॅझेथापायर याउलट आम्लधर्मी जमिनीत अधिक काळ टिकते. कोरड्या हंगामात सूक्ष्मजीवांची क्रिया मंद असल्याने अवशेष अधिक राहतात. त्यामुळे मोहरी, ज्वारी किंवा भाजीपाला यांसारखी संवेदनशील पिके घ्यायची असल्यास लेबलवरील पुढील पिकाविषयीची सूचना महत्त्वाची ठरते.

तणनाशक प्रतिकारकता

एकाच कार्यपद्धतीचे तणनाशक वर्षानुवर्षे वापरल्यास त्याला दाद न देणारी मोजकी तणे वाचतात, बी धरतात व वाढत जातात. भारतात गव्हामधील गुल्लीदांडा या तणात आयसोप्रोट्युरॉनविरुद्ध प्रतिकारकता १९९० च्या दशकात आढळली. तणनाशकसहनशील जनुकीय परिवर्तित सोयाबीनची लागवड अमेरिकेत १९९६ पासून सुरू झाली. तेथे ग्लायफोसेटच्या सततच्या वापराने प्रतिकारक माठवर्गीय तणे पसरली. भारतात असे सोयाबीन लागवडीसाठी मान्य नाही. त्यामुळे ग्लायफोसेट उभ्या सोयाबीनवर फवारल्यास पीकही मरते.

प्रतिकारकता लांबवण्यासाठी दरवर्षी निराळ्या कार्यपद्धतीचे तणनाशक निवडणे, पूर्ण मात्रा देणे, पिकांची फेरपालट करणे आणि वाचलेली तणे बी धरण्यापूर्वी उपटणे हे उपाय सुचवले जातात. केवळ व्यापारी नाव बदलणे उपयोगाचे नसते, कारण अनेक नावांमागे एकच रसायन असू शकते.

कायदा व सुरक्षितता

भारतात तणनाशकांची नोंदणी कीटकनाशक कायदा, १९६८ नुसार केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीमार्फत होते. कोणत्या पिकात, कोणत्या वेळी व किती मात्रेत उत्पादन वापरावे हे लेबलवर दिलेले असते. नोंदणी व शिफारशी काळानुसार बदलतात, त्यामुळे खरेदी केलेल्या डब्यावरील लेबल निर्णायक मानले जाते. डब्यावरील लाल, पिवळा, निळा व हिरवा हे रंग विषारीपणाचा उतरता क्रम दाखवतात.

द्रावण तयार करताना व फवारताना हातमोजे, मुखपट्टी, चष्मा, पूर्ण बाह्यांचे कपडे व बूट वापरणे आवश्यक असते. तणनाशकासाठी शक्यतो स्वतंत्र पंप ठेवला जातो. पंपात राहिलेल्या अंशानेही पुढील कीटकनाशक फवारणीच्या वेळी दुसरे पीक जळू शकते. रिकामे डबे तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओततात. डबे घरगुती वापरात आणू नयेत व विहीर-नाल्याजवळ धुऊ नयेत.

एकात्मिक तण व्यवस्थापन

तणनाशक हा तण व्यवस्थापनाचा एक भाग आहे. उन्हाळी नांगरणी, पेरणीपूर्व वखरणी, तणांच्या बियांपासून मुक्त बियाणे, चांगले कुजलेले शेणखत, झाडांची योग्य संख्या आणि पिकांची फेरपालट यांमुळे तणांचा भार मुळातच कमी होतो. तणनाशक न वापरल्यास पेरणीनंतर १५ ते २० व ३० ते ३५ दिवसांनी दोन कोळपण्या आणि गरजेनुसार निंदणी केली जाते. विदर्भात डवऱ्याने होणाऱ्या या कामास डवरणी म्हणतात. उगवणपूर्व तणनाशक आणि त्यानंतर सुमारे ३० दिवसांनी एक डवरणी अशी सांगड घातल्यास उशिरा उगवणारी तणे निघतात, माती मोकळी होते आणि दुसऱ्या फवारणीची गरज अनेकदा राहत नाही. डवऱ्याच्या पासेतून सुटलेली ओळीतील तणे, विशेषतः केना, हाताने उपटून शेताबाहेर टाकली जातात.